हॉलस्टेडच्या दीपमाळा : अमेरिकेतले गे बार, अनुभव आणि गप्पा

बेलमाँटवाला
मागच्या आठवड्यात इथेच दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं की गे बार म्हणजे अंधार, ड्रग्ज आणि नको ते धंदे, त्यावर मी मोठा प्रतिसाद लिहिला आणि पाठवायच्या आधीच पुसून टाकला. मग दोन दिवस तेच डोक्यात, भांडी घासताना पण तेच. म्हणून हा धागा.

मी २०११ ला शिकागोत आलो. बेलमाँट स्टेशनला उतरून पूर्वेकडे पाच मिनिटं चाललं की हॉलस्टेड स्ट्रीट लागतो आणि तिथून उत्तरेला वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच खांब आहेत, त्यांना सप्तरंगी कडी. १९९८ ला खुद्द शहराने उभे केलेत. पहिल्यांदा बघितले तेव्हा मला थेट जेजुरीच्या दीपमाळा आठवल्या, आणि आठवल्या त्या आठवल्याच, आता तिथून जाताना दुसरं काही दिसतच नाही. गे बारांच्या या पट्ट्याला लोक बॉइजटाउन म्हणायचे, आता नॉर्थहॉलस्टेड म्हणा असं चाललंय.

तर मी काय करायचो, समोरच्या एका कॉफीच्या दुकानात खिडकीपाशी बसून लॅपटॉप उघडायचो आणि पलीकडच्या बारच्या दाराकडे बघत बसायचो. आठ महिने. कोण आत जातं, कसे कपडे घालून जातात, एकटे जातात का, बाहेर येताना चेहरा कसा असतो. कोणी ओळखीचं भेटलं तर सांगायला 'इथला मफिन चांगला असतो' हे उत्तर तयार. (मफिन भिकार होता.)

शेवटी फेब्रुवारीत एकदा हिय्या केला. दारावरच्या माणसाने आयडी मागितला आणि मी मोठ्या ऐटीत महाराष्ट्राचं ड्रायव्हिंग लायसन्स काढून दिलं, ज्यावरचा फोटो आमच्या मातोश्रींनीही ओळखला नसता. त्याने ते उलटंसुलटं केलं, टॉर्च मारला आणि परत दिलं, सॉरी मॅन. खरं सांगू, मला हायसं वाटलं. चला, प्रयत्न केला, देवाची इच्छा नाही. बाहेर उणे बारा होतं आणि मी स्टेशनपर्यंत जवळजवळ उड्या मारत गेलो.

पण पुढच्या सोमवारी पासपोर्ट घेऊन परत गेलो, या वेळी साइडट्रॅकला. हा बार १९८२ पासून आहे, एका छोट्या गाळ्यात चालू झालेला, आता शेजारचे गाळे जोडत जोडत वाडाच झालाय. सोमवारी तिथे शो ट्यून्स असतात, म्हणजे पडद्यावर जुन्या संगीत नाटकांची गाणी लागतात आणि अख्खा बार गातो. मला एकही गाणं येत नव्हतं. दीडदोनशे पुरुष, कोणी सुटात कोणी हाफ पँटीत, आणि एक ठराविक ओळ आली की सगळे एकदम बेंबीच्या देठापासून ताणतात आणि कागदी नॅपकिन हवेत उडवतात. आपल्याकडे आरतीत कसं, कुठल्या ओळीला खेचायचं हे कोणी शिकवत नाही पण सगळ्यांना ठाऊक असतं, तस्संच. मी कोपऱ्यात ग्लास धरून उभा, डोक्यावर नॅपकिन पडतायत, आणि मला कोणी बघत नाहीये. हे लिहायला सोपंय, पण पंचवीस वर्षं सतत आपल्याला कोणी बघतंय का हे तपासत जगलेल्या माणसाला विचारा.

तुमचे अनुभव लिहा. गे असाल तर लिहाच, नसाल आणि कोणाबरोबर गेला असाल तर तेही लिहा. प्रश्नही चालतील, टोमणे नकोत.

कांदाभजी
वाचतेय. मफिनच्या वाक्याला फुटले :)

पेठेतला_पंत
लेखन आवडले. एक शंका, प्रामाणिक आहे, चिडू नये. आता अमेरिकेत २०१५ पासून लग्नसुद्धा कायदेशीर आहे, मग वेगळा बार कशाला लागतो? कुठल्याही बारमध्ये जाऊन बसावे. उद्या शाकाहारी लोकांनी वेगळा बार काढला तर?

बेलमाँटवाला
पंत, शाकाहारी लोकांच्या वेगळ्या सोसायट्या आहेत की हो मुंबईत, तुम्ही कुठे राहता :) (थट्टा आहे, हलकेच घ्या)

सरळ उत्तर द्यायचं तर साध्या बारमध्ये मी एखाद्याकडे बघून हसलो तर तो हसेल, दुर्लक्ष करेल की कानाखाली देईल हे आधी मनात जुळवावं लागतं. गे बारमध्ये फार तर तो नाही म्हणतो. एवढाच फरक, पण तो दर मिनिटाला असतो.

आणि कायद्याचं म्हणाल तर गंमत ऐका. समलिंगी संबंध गुन्हा नाही असं ठरवणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य आमचंच, इलिनॉय, १९६१ ला कायदा बदलला आणि १९६२ पासून लागू. आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या बाहेरच एका फन लाउंज नावाच्या बारवर धाड पडली, शंभरावर लोक उचलले आणि त्यांची नावं, हुद्दे पेपरात छापून आले. त्यात शाळामास्तर होते. त्यांचं पुढे काय झालं असेल ते तुम्हीच बघा. म्हणजे घरात गुन्हा नाही, पण चारचौघांत ग्लास हातात धरला की आयुष्य बाद.

तिखटमीठ_एनवाय
अगदी सहमत :)

मी न्यूयॉर्कमध्ये, १४ वर्षं झाली, मूळची नाशिकची. पंतांसाठी थोडा इतिहास कारण तो आमच्या इथे चालत बघता येतो. वेस्ट टेन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ज्युलियस म्हणून जुनाट बार आहे, बर्गर मस्त मिळतो. तेव्हा न्यूयॉर्कच्या दारू परवाना खात्याचा खाक्या असा की समलैंगिक लोक जमले म्हणजे ती जागा 'बेशिस्त', मग परवाना जायचा, म्हणून बारवाले त्यांना दारूच देत नसत. तर २१ एप्रिल १९६६ ला मॅटाशिन सोसायटी या समलिंगी हक्कांच्या संघटनेचे तिघंजण, डिक लाइट्श, क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स, सोबत पत्रकार घेऊन निघाले. सूट, टाय, अगदी बँकेत इंटरव्ह्यूला चालल्यासारखे. बारमध्ये जायचं, आम्ही होमोसेक्शुअल आहोत असं सांगायचं आणि ड्रिंक मागायचं. ज्युलियसला बारटेंडरने ग्लास समोर ठेवला होता, हे ऐकल्यावर त्याने ग्लासावर हात झाकला. फोटो आहे त्याचा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला चेहऱ्यांपेक्षा तो हातच जास्त दिसला. काही नाही, नुसता तळहात ग्लासावर. आपल्याकडे पाणी वरून ओतायचे ना लोकांना, भांड्याला शिवू नये म्हणून, तीच जातकुळी.

आणि स्टोनवॉल तर बऱ्याच जणांना माहीत असेल, इथलाच गे बार, २८ जून १९६९ ला धाड पडली आणि लोक पोलिसांशी भिडले. पण तो बार काही पवित्र जागा नव्हती हे कोणी सांगत नाही. माफियाचा बार. काउंटरमागे नळ नाही, ग्लास बादलीतल्या पाण्यात बुचकळून पुढच्याला. दारूत पाणी. खिडक्या आतून फळ्या मारून बंद. परवाना नाही म्हणून खाजगी क्लबचं सोंग, दारात वहीत नाव लिहायचं आणि अर्थातच लोक वाट्टेल ती खोटी नावं लिहायचे, डोनाल्ड डक वगैरे. पोलिसांना हप्ता जायचाच, तरी अधूनमधून धाड यायची, मग आतले पांढरे दिवे लागायचे, दिवा लागला की नाचणाऱ्या जोड्यांनी वेगळं व्हायचं. तरी लोक तिथे जायचे कारण नाचायला मिळायचं. त्या रात्री मात्र दिवे लागल्यावर लोक घरी गेले नाहीत. बरोबर एक वर्षाने इथली पहिली प्राइड मिरवणूक निघाली आणि २०१६ ला ओबामाने त्या जागेला राष्ट्रीय स्मारक केलं.

बायकांच्या बारबद्दल नंतर लिहिते, मीटिंग आहे.

पेठेतला_पंत
ग्लासावरचा हात. हे माहीत नव्हते. धन्यवाद.

गोट्या_इन_सॅनहोजे
आम्ही ऑफिसची गँग एकदा गेलेलो, एका मैत्रिणीचं लग्न ठरलेलं म्हणून बॅचलरेट, बारा मुली आणि आम्ही चार पोरं, डोक्यावर चमकीचे मुकुट वगैरे. ड्रॅग शो (पुरुष बायकांचा वेष करून नाचतात तो) जाम भारी होता. पण तिथली नेहमीची पब्लिक आमच्याकडे जरा खुन्नसने बघत होती, तेव्हा कळलं नाही का.

बेलमाँटवाला
गोट्या, मी सांगतो का. समज तुमच्या सोसायटीच्या गणपतीत रोज संध्याकाळी बाहेरचे पन्नास लोक येऊन सेल्फी काढून प्रसाद खाऊन किंचाळत निघून जातायत. आणि त्यात आणखी एक मेख, तुम्ही सेलिब्रेट काय करत होता? लग्न. जे तेव्हा समोर बसलेल्या माणसाला करता येत नव्हतं. वेस्ट हॉलिवुडमधल्या द ॲबीने २०१२ ला बॅचलरेट पार्ट्यांना चक्क बंदी घातली होती, आम्हाला लग्न करता येईपर्यंत इथे नाही म्हणून. तोच ॲबी, जो १९९१ ला साधं कॉफीचं दुकान म्हणून सुरू झालेला.

पण येत जा रे. मुकुट काढून ये.

गोट्या_इन_सॅनहोजे
ओके सर :) मुकुट माझा नव्हता.

दादरचा_नंदू
मी या संस्थळावर फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो. वय ६७. सॅन फ्रान्सिस्कोला १९८४ मध्ये आलो, म्हणजे अगदी वाईट वेळी आलो.

कॅस्ट्रो आणि मार्केट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ट्विन पीक्स टॅव्हर्न आहे. १९७२ मध्ये दोन मैत्रिणींनी तो घेतला आणि एकच मोठी गोष्ट केली, रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काचा लावल्या. वर न्यूयॉर्कच्या ताईंनी फळ्या मारलेल्या खिडक्यांचे लिहिले आहे, ती तेव्हाची सार्वत्रिक रीत होती. काळी काच, मागच्या गल्लीत दार, पाटी नाही. आणि इथे रस्त्यावरची ट्राम थांबली की आतला माणूस काय पितो ते दिसते. मी पहिल्या वर्षी तिथे गेलो तर खिडकीकडे पाठ करून बसायचो. दादर-माटुंग्याचा कोणी इथे येणार नाही हे कळत होते, तरी पाठ. २०१३ मध्ये शहराने त्या इमारतीला वारसा दर्जा दिला. आता तिथे आमच्या वयाचेच लोक जास्त, म्हणून तरुण मंडळी त्याला काचेची शवपेटी म्हणतात. म्हणू देत. मी आता खिडकीतच बसतो.

एड्सची वर्षे. पहिल्या पाच रुग्णांची नोंद लॉस एंजेलिसची, जून १९८१. मी आलो तोवर कॅस्ट्रोत काठी टेकत चालणारे तिशीतले पुरुष दिसायला लागले होते. बारमध्ये बे एरिया रिपोर्टर नावाचे आमचे साप्ताहिक फुकट मिळायचे, दाराशी गठ्ठा असायचा. आत आल्यावर लोक आधी तो उचलायचे, मागून पाने उलटायचे, श्रद्धांजलीचे पान बघायचे आणि मग ड्रिंक सांगायचे. सगळे हेच करायचे. एखाद्याचे पान उलटायचे थांबले की बारटेंडर न विचारता त्याच्यापुढे काहीतरी ठेवायचा. मी ज्या बारला जायचो तिथे दोन वर्षांत तीन बारटेंडर बदलले, तिन्ही वेळा कारण एकच. पण औषधाचे पैसे, घरभाडे, कुत्र्यामांजरांची सोय, जेवणाचे डबे, याच्या सगळ्या वर्गण्या याच बारमधून गोळा व्हायच्या, ड्रॅग क्वीन हातात बादली घेऊन टेबलाटेबलावर फिरायच्या. आमच्या वाडीत गणपतीची वर्गणी मागताना लोक दार लावून घ्यायचे, इथे कोणी लावलेले मला आठवत नाही.

१३ ऑगस्ट १९९८ चा अंक माझ्याकडे अजून आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एवढेच, की या आठवड्यात एकही श्रद्धांजली नाही. सतरा वर्षांनी.

आपल्या लोकांविषयीही सांगतो. १९८६ मध्ये अरविंद कुमार आणि सुवीर दास यांनी इथे बे एरियात त्रिकोण सुरू केले, दक्षिण आशियाई समलिंगी लोकांसाठी. तोवर मी समजत होतो या देशात असा हिंदुस्थानी मी एकटाच. हसू नका, खरोखर समजत होतो.

कांदाभजी
नंदूकाका, पाने उलटायचे थांबले की... यापुढे वाचवेना. थांबून मग वाचलं. लिहीत राहा प्लीज.

बेलमाँटवाला
काका, नमस्कार करतो. शिकागोला आलात तर घरी उतरायचं, हॉटेल नाही.

संपादक मंडळ
दोन प्रतिसाद उडवले आहेत. संबंधित सभासदांना व्यक्तिगत निरोप (व्यनि) पाठवला आहे. धागा चालू राहील.

तिखटमीठ_एनवाय
मीटिंग संपली, दोन दिवसांनी :)

काकांनी ट्विन पीक्सच्या दोघी मालकिणींचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण गे बार म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त पुरुष. बायकांचे बार किती होते माहितीये का, ऐंशीच्या दशकात देशभर २०० च्या आसपास धरतात, आणि २०२० ला लेस्बियन बार प्रोजेक्टवाल्यांनी मोजदाद केली तेव्हा वीससुद्धा भरले नाहीत! नंतर काही नवे निघालेत म्हणा. कारणं सगळी पैशाची. बायकांचे पगार कमी, त्या बाहेर कमी खर्च करतात, मूल झालं की घरी, आणि मॅनहॅटनचं भाडं काही लिंग बघून कमी होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोला १९६६ ला मॉड्स म्हणून बायकांचा बार निघाला तेव्हा कॅलिफोर्नियात मालकीण नसलेल्या बाईने काउंटरमागे उभं राहून दारू बनवायलाच बंदी होती, म्हणजे बायकांच्या बारात ओतायला पुरुष ठेवायचे! १९७१ ला कोर्टाने ती बंदी काढली. मॉड्स १९८९ ला बंद पडला.

माझा अड्डा कबीहोल, १९९४ चा, वेस्ट व्हिलेजमध्ये. खोली केवढी तर आमच्या नाशिकच्या घरातला माजघर. छताला इतके कंदील, मासे, कागदी फुलं लटकवलीत की दिवाळीत तुळशीबागेत वर बघून चालल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा गेले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती आणि एका अनोळखी बाईने माझा कोट घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला, का तर तुला कुठे ठेवायला जागा नाही म्हणून, आणि पुढचा तासभर मैत्रिणींशी बोलत बसली माझ्या कोटासकट. मी त्या कोटासाठी थांबले. एरवी दहा मिनिटांत पळाले असते.

देसी पार्ट्याही आहेत बरं का. शोले प्रॉडक्शन्सवाल्यांच्या देसिलिशसमध्ये एकदा ढोल वाजला आणि मंगळागौरीत फुगड्या घातलेल्या या बाईने एका गुज्जू मुलीबरोबर जी फुगडी घातली की डीजेसमोर रिंगण झालं.

सगळं गोड नाही हेही लिहायला हवं. एका नावाजलेल्या बारमध्ये, नाव नाही घेत, मला आणि माझ्या काळ्या मैत्रिणीला दारातच दोन-दोन आयडी मागितले, मागच्या गोऱ्या पोरांना एकही नाही. हे नवं नाही, सत्तरच्या दशकात एलएमध्ये (लॉस एंजेलिस) याच प्रकारावरून एका मोठ्या डिस्कोसमोर निदर्शनं झाली होती. म्हणूनच तर काळ्या लोकांनी आपल्या जागा काढल्या, ज्युएल टाइस-विल्यम्स या बाईने १९७३ ला एलएत काढलेला कॅच वन २०१५ पर्यंत चालला. चाळीस वर्षांवर!

हाऊसवाला_सम्या
अवांतर: संगीताबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून. जे हाऊस म्युझिक आज आपल्या लग्नाच्या संगीतात पण वाजतं त्याचं नावच शिकागोच्या वेअरहाउस क्लबवरून पडलं, १९७७, डीजे फ्रँकी नकल्स, पब्लिक बहुतेक काळे आणि लॅटिनो गे. तेव्हा नागपूरच्या वरातीत काका जेव्हा त्या ठेक्यावर नाचतात ना तेव्हा त्यांना माहीत नसतं ते कोणाच्या अंगणात नाचतायत :)

कोथरूडची_आजी
माझा मुलगा डॅलसला असतो. त्याने मला हा धागा वाचायला दिला आणि म्हणाला आई तू लिही. टायपिंगच्या चुका समजून घ्या.

त्याने सांगितलं तेव्हा मी पाच महिने त्याच्याशी धड बोलले नाही. ते इथे लिहायचं नव्हतं पण लिहिलं. मग हे गेले आणि मी तिकडे राहायला गेले. एका रविवारी म्हणाला आई चल ब्रंचला. मला वाटलं इडली वगैरे असेल. तर तिथे सहा फुटी पुरुष, हा एवढा केसांचा टोप, पापण्या अशा की वारा यावा, आणि गाण्याच्या ठेक्यावर टेबलांमधून येतोय. लोक हातात एक एक डॉलरची नोट धरून उंच करतायत आणि तो नाचता नाचता दोन बोटांनी उचलतोय. मी मुलाला म्हणलं अरे ही तर दौलतजादा! आमचे वडील नारायणगावला तमाशाचा फड बघून आले की आजी त्यांना आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे. आणि बालगंधर्वांचे शालू बघून आमच्या त्याच आजीने तसाच शालू घेतला होता. तेव्हा मला काही नवीन नव्हतं, फक्त आमच्याकडे ते तिकीट काढून बघायचे आणि घरी येऊन नावं ठेवायचे.

त्या नाचणाऱ्याने माझ्या टेबलाशी येऊन माझ्या पायाला हात लावला, मुलाने शिकवून ठेवलं होतं बहुतेक. मी पाच डॉलर दिले. मुलगा म्हणतो एक द्यायचा असतो. म्हणलं पाया पडलाय तो.

दुसरी जागा जास्त आवडली, सीडर स्प्रिंग्ज रस्त्यावर, राऊंड-अप सलून नावाचा बार. तिथे सगळे काउबॉय टोपी, बूट, आणि जोडीजोडीने हात धरून गोल फिरत नाचतात, टू-स्टेप म्हणतात. नंतर सगळे रांगेत उभे राहून एकाच वेळी एकच पाऊल. शाळेत लेझीम बसवायचो आम्ही, मी पीटीची बाई होते ३१ वर्षं, मला ते इतकं नीट दिसलं की तिसऱ्या गाण्याला मी मुलाच्या त्याला, म्हणजे ज्याच्याबरोबर तो राहतो त्याला, सांगितलं तुझं डावं पाऊल उशिरा पडतंय. पडत होतंच.

कांदाभजी
आजी!!! _/\_ पाया पडलाय तो :)))

तिखटमीठ_एनवाय
आजी मला दत्तक घ्या.

पेठेतला_पंत
आजींना साष्टांग. माझी शंका मागे घेतो.

दादरचा_नंदू
कोथरूडच्या ताई, पाच महिन्यांचे लिहिलेत ते बरे केलेत. माझी आई कधीच बोलली नाही.

मुंबईचा_शिंपी
आमचं पण थोडं. नव्वदीत कुलाब्याला वूडू म्हणून पब होता, शनिवारी रात्री आपली गर्दी. डोंबिवलीहून शर्ट पिशवीत घालून जायचो, सीएसटीच्या मुतारीत बदलायचा आणि शेवटची लोकल चुकली तर पहिल्या लोकलपर्यंत रेडिओ क्लबच्या कठड्यावर. अमेरिकेसारखे खांब नव्हते, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं. बस एवढंच.

बेलमाँटवाला
शिंपीबुवा, यावर वेगळा धागा काढा, हात जोडतो.

एक गोष्ट राहिली. कोणी व्यनित विचारलं की भीती वाटत नाही का. वाटते. ऑर्लँडोच्या पल्स क्लबमध्ये १२ जून २०१६ ला गोळीबारात ४९ माणसं गेली, लॅटिन नाइट होती, नाचायला आलेली पोरं. १९ नोव्हेंबर २०२२ ला कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या क्लब क्यूमध्ये पाच. आणि त्याच्या कितीतरी आधी, २४ जून १९७३, न्यू ऑर्लीन्सचा अपस्टेअर्स लाउंज, दुसरा मजला, कोणीतरी जिन्यात आग लावली, खिडक्यांना गज, ३२ मेले. बारटेंडरला मागचं दार माहीत होतं म्हणून वीसेक लोक वाचले. काहींचे मृतदेह न्यायलाही घरचं कोणी आलं नाही. शिक्षा कोणालाच नाही. तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, मी कुठेही गेलो की आधी मागचं दार कुठे आहे ते बघतो, मग काय प्यायचं ते बघतो. नवऱ्याला वाटतं मी संडास शोधतोय.

तरी बार बंद पडतायत ते गोळ्यांमुळे नाही, भाड्यामुळे आणि फोनमुळे. २००९ ला ग्राइंडर हे गे डेटिंग ॲप आलं, आता शेजारच्या इमारतीतला कोण मोकळा आहे ते गादीवर पडल्या पडल्या कळतं. २००७ ते २०१९ मध्ये देशातल्या गे बारांच्या यादीतून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नावं गेली. सॅन फ्रान्सिस्कोचा द स्टड, १९६६ चा, लॉकडाऊनमध्ये जागा सोडली, तिथल्या लोकांनीच सहकारी तत्त्वावर चालवलेला, आपल्या दूध डेअरीसारखा, आणि पठ्ठ्यांनी २०२४ ला नव्या जागेत पुन्हा उघडला.

अकोल्याचा_एमएस
सर मी ओहायोमध्ये मास्टर्स करतोय, पहिलं वर्ष, आयडी नवीन बनवलाय. तीन वेळा सगळा धागा वाचला. मी दारू पीत नाही, एकटाच आहे, रूममेट चौघं आपलेच आहेत आणि त्यांना माहीत नाही. जायचं तर कसं जायचं? हसू नका.

बेलमाँटवाला
कोण हसतंय. मी आठ महिने मफिन खाल्लाय.

ऐक. पासपोर्ट घे, भारतीय लायसन्स घरी ठेव, २१ पूर्ण पाहिजेत. शनिवारी रात्री जाऊ नको, कान फाटतात आणि सगळे घोळक्याने असतात. मधल्या वारी संध्याकाळी सहाला जा, हॅपी अवर असतो, बार अर्धा रिकामा आणि बारटेंडरला बोलायला वेळ. टेबलावर नाही, काउंटरच्या स्टुलावर बस, टोकाच्या. सोडा विथ लाइम माग, दिसायला जिन-टॉनिकच, कोणी विचारत नाही, बऱ्याचदा पैसेही घेत नाहीत, पण एक डॉलर टिप काउंटरवर ठेवायची, फुकट मिळालं तर जास्तच. तुझा ग्लास सोडून जाऊ नको. कोणी काही विकत घेऊन दिलं तर थँक्यू म्हणायचं, त्याचं काही देणं लागत नाहीस. अर्ध्या तासात कंटाळा आला तर ऊठ आणि घरी जा, मेसचा डबा खा. झालं.

कोथरूडची_आजी
जेवून जा रे बाळा. रिकाम्या पोटी सोडा पिऊ नकोस, गॅस होतात.

अकोल्याचा_एमएस
जाऊन आलो!!! बुधवारी. रूममेटला सांगितलं लायब्ररी. पासपोर्ट आईने दिलेल्या झिपलॉकमध्ये होता, दारावरच्या बाईने झिपलॉक उघडून पासपोर्ट बघून परत झिपलॉक नीट बंद करून दिला.

आत सात लोक होते. दोघं टीव्हीवर बास्केटबॉल बघत होते आणि एक म्हातारे गृहस्थ शब्दकोडं सोडवत होते. मी अशी काही तयारी करून गेलेलो आणि हे म्हणजे आमच्या अकोल्याच्या वाचनालयासारखं. सोडा घेतला, पैसे घेतले नाहीत, दोन डॉलर ठेवले. बारटेंडरने नाव विचारलं आणि माझ्या तोंडातून पटकन राहुल निघालं. माझं नाव राहुल नाहीये. राहुल माझ्या रूममेटचं नाव आहे. पन्नास मिनिटं बसलो, कोड्यातला एक शब्द मी सांगितला.

प्रॉब्लेम असा झालाय की काल परत गेलो तर दारातून आत येताच तो मोठ्याने हे राहुल! आणि कोडंवाल्या काकांनी पण हात केला, राहुल! आता काय करू?

तिखटमीठ_एनवाय
डोनाल्ड डकपेक्षा बरं आहे :))

दादरचा_नंदू
मी १९८४ मध्ये पीटर होतो. दीड वर्ष. नंतर खरे सांगितले तर बारटेंडर म्हणाला, मला माहीत होते, पण नंदकुमार म्हणता येईना म्हणून पीटरच बरा होता.

बेलमाँटवाला
आणि तो खरा राहुल एखाद्या दिवशी तिथे आला तर?

अकोल्याचा_एमएस
सर तो विचार मी पण केला. आता तो दर बुधवारी कुठे जातो ते बघतोय.